संपादक हॉर्निमन

मुंबईच्या कोट भागांत टाउन हॉलसमोर एक वर्तुळाकार बाग आहे. त्या चौकास पूर्वीं एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. आज त्यास हॉर्निमन सर्कल म्हणतात. गव्हर्नराचें नांव जाऊन तेथें एका इंग्रज संपादकाचें नांव कां आलें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ सालीं इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत झाला. कलकत्त्यास ‘स्टेट्समन’ पत्रांत काम केल्यावर, १९१३ सालीं सर फिरोजशहा मेहता यांनीं काढिलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ दैनिकाचे ते पहिले संपादक झाले. राज्यकर्त्यांच्या जातीचा हा मनुष्य. मनांत आणिता तर मानमरातब व सरकारची मर्जी त्यास सहज लाभती. परंतु त्यांनीं आपली लेखणी हिंदी जनतेच्या सेवेस वाहिली. १९१९ सालीं रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनीं स्थापिलेल्या सत्याग्रह सभेचे ते उपाध्यक्ष झाले.

त्याच वर्षीं १३ एप्रिल रोजीं अमृतसरास जालियनवाला बागेंत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. पंजाबांतील दडपशाहीवर ‘क्रॉनिकल’नें निर्भीडपणें लिहिलें. एप्रिल संपण्यापूर्वींच सरकारनें हॉर्निमन यांस पकडून बोटीवर चढविलें व इंग्लंडास धाडिलें. खटला नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, न्यायाधीशही नाहीं! पत्रही कांहीं काळ बंद पडलें. ११ मे रोजीं मुंबईनें शांतपणें हरताळ पाळून आपलें दुःख प्रकट केलें.

मायदेशीं परत जाणें ही कोणास शिक्षा वाटत नाहीं. हॉर्निमन यांस ती वाटली, यांतच त्यांचें मोठेपण आहे. तेथेंही ते स्वस्थ बसले नाहींत. अमृतसरच्या अत्याचारावर १९२० सालीं पुस्तक लिहून त्यांनीं स्वदेशबांधवांस त्यांच्या कर्तव्याची जाणीव दिली. परत येण्याचा परवाना सरकारनें वर्षानुवर्षें नाकारला. अखेर जानेवारी १९२६ मध्यें कायद्यांतील एक फट हेरून ते हिंदुस्थानांत परतले व त्यांनीं पुन्हां लेखणी हातीं धरिली. स्वतंत्र भारत डोळ्यांनीं पाहून १९४८ सालीं त्यांनीं देह ठेविला.

आपणांवर अन्याय झाला असतां ओरडणें सोपें आहे. आपल्याच माणसांनीं परक्यावर केलेला अन्याय उघड करणें फार कठीण. शोमरोनी मनुष्याच्या दृष्टांतांत प्रभूनें हेंच शिकविलें आहे, कीं जो संकटांत पडला त्याची जात न विचारतां जो थांबतो तोच खरा शेजारी. बाळांनो, उद्यां वर्गांत चूक तुमच्याच मित्राची असेल, तेव्हां तुम्ही कोणाच्या बाजूस उभे राहाल?