दुष्काळाच्या आठवणीतून उभी राहिलेली ‘मुक्ती’

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथील ‘मुक्ती मिशन’चे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. या संस्थेच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे संस्कृत पांडित्य, त्यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य आणि त्यांच्या धर्मांतराने उठलेले वादळ यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र, वयाची चोवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांना गमावलेल्या या स्त्रीने आपल्या दुःखाचे पुढे काय केले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्यांच्या आयुष्याचे मर्म बहुधा याच प्रश्नात आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी तेच ज्ञान आपल्या धाकट्या कन्येला दिले. घराची आर्थिक स्थिती खालावल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी, असा क्रम अनेक वर्षे चालला.

१८७० च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या भीषण दुष्काळाने हे कुटुंब उद्ध्वस्त केले. उपासमारीने खंगलेले वडील प्रथम गेले. काही महिन्यांतच आई आणि थोरली बहीणही गेली. मरणासन्न आईसाठी भाकरीचा तुकडा मागण्याची वेळ रमाबाईंवर आली. आईच्या निधनानंतर खांदा देण्यासाठी पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा तिरडीची एक बाजू रमाबाईंनी स्वतः उचलली. उंची कमी असल्याने ती खांद्यावर न पेलता त्यांना डोक्यावर घ्यावी लागली. हे दृश्य त्या कधीही विसरल्या नाहीत.

त्यानंतर भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या देशभर पायी हिंडल्या. पंजाबात झेलमच्या काठी, थंडीपासून बचाव करण्यासाठी या भावंडांनी वाळूत खड्डे खणून त्यांत रात्र काढली. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. परंतु १८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. कन्या मनोरमा दहा महिन्यांची असतानाच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीचेही पटकीने निधन झाले.

त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षकांची गरज मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. लंडनमधील फुलहॅम येथे या भगिनी समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. ज्यांना कोणी जवळ करीत नाही, त्यांना सन्मानाने वागविणारी ही श्रद्धा रमाबाईंच्या मनाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराने मनाच्या जखमा एका दिवसात भरल्या, असे मात्र झाले नाही. अंतःकरणाची खरी शांती आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. याच काळात त्यांनी अमेरिकेचा दौरा केला आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. हे पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले. आईवडिलांचा धर्म त्यांनी सोडला, पण त्यांचे ऋण त्या विसरल्या नाहीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धर्मप्रसाराच्या आरोपावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. पुण्यातील आपल्या माणसांनी पाठ फिरविल्याचे हे नवे दुःख होते, तरीही सदनाचे काम थांबले नाही.

त्यांची खरी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतातील उपासमारीच्या बातम्या वाचताच त्यांना स्वतःचे ते दिवस आठवले. अशा आठवणींपासून माणूस सहसा दूर पळतो. रमाबाई थेट दुष्काळी मुलखात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. यातूनच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही शेकडो मुली आल्या. विणकाम, शेती, छपाई असे उद्योग त्यांना शिकविण्यात आले. अंध मुलींसाठी शिक्षणाची सोय झाली. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅमला जे पाहिले, ते केडगावात प्रत्यक्षात आले.

१९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर पुस्तिकेत रमाबाईंनी आपल्या आयुष्यातील दुःखे स्पष्टपणे सांगितली. हिंदू रूढींवरील त्यांची टीकाही तीत आहे आणि ती सर्वांना पटेल असे नाही. तरीही त्या लेखनाचा प्रधान सूर ईश्वराविषयीच्या कृतज्ञतेचाच आहे. उपाशी राहिलेल्या मुलीला शेकडो उपाशी मुलींना जेवू घालण्याची संधी मिळाली, हीच त्यांना देवाची कृपा वाटली.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीकच्या अभ्यासाच्या आधारे बायबलचे सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत भाषांतर केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा यांचे निधन झाले. रक्ताचे शेवटचे माणूसही गेले. तरीही रमाबाईंनी भाषांतर पूर्णत्वास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला.

रमाबाईंची आईच्या अंत्ययात्रेची आठवण शेवटपर्यंत पुसली गेली नाही. परंतु त्या आठवणीमुळेच केडगावच्या माळावर हजारो निराधारांच्या दोन वेळच्या भाकरीची सोय झाली.