हिल्डे होल्गर : जीवन आणि कार्य

संगीत आणि नाट्य यांचे युरोपातील माहेरघर समजल्या जाणाऱ्या व्हिएन्ना शहरात १८ ऑक्टोबर १९०५ रोजी एका ज्यू कुटुंबात हिल्डे सोफर यांचा जन्म झाला. रंगभूमीसाठी त्यांनी होल्गर हे नाव धारण केले आणि पुढे त्याच नावाने त्या प्रसिद्धीस आल्या. वडील त्यांच्या बालपणीच निवर्तले होते. गर्ट्रूड बोडनवीझर या नामवंत नर्तिकेकडे त्यांचे शिक्षण झाले. अभिजात बॅलेची ठरीव चौकट मोडून शरीराच्या मुक्त हालचालींतून मनातील भाव प्रकट करणारी अभिव्यक्तिवादी नृत्यशैली त्या सुमारास जर्मन भाषिक प्रदेशांत रुजत होती. हिल्डे तिच्या अग्रणींपैकी एक ठरल्या. १९२६ साली, जेमतेम विशी ओलांडली असताना, त्यांनी व्हिएन्नात स्वतःची नृत्यशाळा काढली. शाळेतील मुलांना घेऊन त्या उद्यानांत आणि शहरातील स्मारकांसमोर प्रयोग करीत. नृत्य ही केवळ नाट्यगृहात तिकीट काढून पाहण्याची वस्तू नव्हे, ही त्यांची धारणा तेव्हापासूनची.

१९३७ मध्ये त्यांनी ‘गोलेम’ हे एकल नृत्य रचले. गोलेम म्हणजे ज्यू लोककथेतील मातीचा पुतळा. संकटकाळी ज्यूंचे रक्षण करण्यासाठी मंत्रसामर्थ्याने त्याच्यात प्राण फुंकला जातो, अशी ती कथा. नृत्यरचनेचे वर्ष ध्यानात घेतले म्हणजे विषयाची निवड सहजगत्या झाली असेल असे वाटत नाही. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला आणि हिल्डे यांचे सार्वजनिक कलाजीवन एका आज्ञेसरशी संपुष्टात आले. मित्र चार्ल्स पेट्राश यांच्या खटपटीने त्यांना हिंदुस्थानात येण्याचा परवाना मिळाला आणि १९३९ च्या उन्हाळ्यात त्या मुंबईस आल्या. आई व अनेक आप्तेष्ट मागेच राहिले. त्यांतील बहुतेक नाझींच्या संहारात बळी पडले.

मुंबईतही सारे सुरळीत होते असे नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे ठरले. हिटलरच्या छळातून सुटून आलेल्या काही ज्यू निर्वासितांनाही अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध व्हावे लागले. दैवाची ही विटंबनाच म्हणावयाची. हिल्डे यांनी १९४० मध्ये डॉ. आदी बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरांशी विवाह केला आणि १९४१ साली मुंबईत नृत्यशाळा सुरू केली. या शाळेत जात, धर्म, वर्ण वा राष्ट्र असा कोणताही भेद पाळला जात नसे. वंशाच्या कारणावरून जिला रंगमंचावरून खाली उतरविले, तिने काढलेल्या शाळेचा हा नियम होता, हे विसरता येणार नाही. नर्तक रामगोपाल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. भारतीय नृत्यातील हस्तमुद्रांचा त्यांनी आस्थेने अभ्यास केला आणि आपल्या शैलीत त्यांचा अंतर्भाव केला. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच मोडत असे. अळणावरसारख्या गावचा मराठी नाट्यरसिक मुंबईकडे डोळे लावून असे, तो मुख्यतः संगीत नाटकासाठी. त्याच नगरीत चाललेल्या या निराळ्या प्रयोगाची वार्ता त्याच्या कानी पडण्याचा संभव थोडाच. आजही आपल्याकडील रंगभूमीच्या चर्चेत हिल्डे यांचे नाव क्वचितच निघते.

फाळणीच्या काळातील जातीय हिंसाचाराने त्या पुन्हा अस्वस्थ झाल्या. १९४८ मध्ये पती व कन्येसह त्यांनी इंग्लंड गाठले. पुढच्याच वर्षी मुलगा झाला, तो डाऊन सिंड्रोम घेऊन. येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे कार्य सुरू होते. मुलाला नृत्य शिकविताना त्यांना उमगले की, बुद्धी मंद म्हणून ज्यांना बाजूस सारले जाते त्यांच्या देहालाही लय कळते, शिस्त कळते. लंडनच्या कॅम्डन भागातील आपल्या तळघरातील शाळेत त्यांनी अशा तरुणांसाठी स्वतंत्र पद्धती विकसित केली. १९६८ साली सॅडलर्स वेल्स या प्रतिष्ठित नाट्यगृहात त्यांनी ग्रीग यांच्या संगीतावर ‘प्रकाशाकडे’ या अर्थाच्या नावाची रचना सादर केली. तीत व्यावसायिक नर्तकांच्या बरोबरीने मतिमंद तरुण रंगमंचावर आले. व्यावसायिक रंगभूमीवर असे पूर्वी घडले नव्हते. ज्या राजवटीने हिल्डे यांना देशोधडीस लावले, तिनेच व्हिएन्नातील श्पीगेलग्रुंड येथील रुग्णालयात १९४० ते १९४५ या काळात अपंग व मतिमंद म्हणून सुमारे आठशे मुलांचा जीव घेतला होता. हे ठाऊक असलेल्याला सॅडलर्स वेल्सच्या त्या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मूकनाट्यकार म्हणून गाजलेले लिंडसे केम्प हे त्यांचे शिष्य. दुसरे शिष्य वोल्फगांग श्टांगे यांनी १९८० मध्ये ‘अमिची’ ही अपंग व धडधाकट कलावंतांची नृत्यनाट्य संस्था स्थापन केली. या संस्थेने गुरूच्याच जीवनावर ‘हिल्डे’ हे नृत्यनाट्य १९९६ मध्ये लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओत सादर केले. चरित्रातील घटनांवर रचलेल्या या नाट्यात अपंग कलावंतही होते. १९९८ मध्ये, म्हणजे ज्यूंना रंगमंचबंदी झाल्यानंतर साठ वर्षांनी, त्याचा प्रयोग व्हिएन्नात झाला. हिल्डे तेव्हा ९२ वर्षांच्या होत्या आणि कॅम्डनच्या तळघरात अजून शिकवीत होत्या. २२ सप्टेंबर २००१ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.