दहा वर्षांचा करार, अकरा दिवसांचा निवारा

जून महिना उजाडला की घराघरांत शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचे पत्र, जामीनदाराची सही, परतफेडीचे हमीपत्र. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाने ही वाट पुष्कळ सुकर केली आहे. तरीही हमीपत्रावर सही करताना विद्यार्थ्याचा हात क्षणभर थबकतोच. सरकारच्या पैशावर शिकणारा सरकारचे काय देणे लागतो, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते. सरकार त्या विद्यार्थ्याचे काय देणे लागते, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्यातील १९१३ ते १९२७ हा कालखंड या न लिहिलेल्या बाजूची कहाणी आहे.

इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते. निवृत्तीनंतर दापोली, सातारा आणि अखेर मुंबई असा कुटुंबाचा प्रवास झाला. परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत संसार आणि अभ्यास दोन्ही चालत. मुलाला हवे ते पुस्तक मिळावे म्हणून सुभेदार प्रसंगी विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकीत. भीमरावांच्या शिक्षणासाठी काढलेले पहिले कर्ज ते हेच.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, ही त्या काळी अपूर्व घटना होती. त्याप्रीत्यर्थ भरलेल्या अभिनंदनाच्या सभेला सीताराम केशव बोले आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा विद्यार्थी केळुसकर गुरुजींच्या पूर्वीच नजरेत भरला होता. सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंतचे शिक्षण झाले आणि सुभेदारांची आर्थिक शक्ती संपली. पदवी अर्ध्यावर सुटण्याची वेळ आली तेव्हा केळुसकर गुरुजी पुढे सरसावले आणि भीमरावांना सयाजीराव गायकवाडांच्या भेटीस घेऊन गेले. नाशिककडच्या कवळाणे गावातून दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आलेल्या या राजाने १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले होते. अंत्यजांसाठी शाळा काढणाऱ्या या महाराजांनी भीमरावांना काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या आधारावर इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन १९१२ साली ते बी. ए. झाले. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. शाळेतच ती वाट अडवली गेल्याने फारसी घ्यावी लागली.

पदवीनंतर भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांना ते पसंत नव्हते. संस्थानात आपल्या मुलाच्या वाट्याला काय येईल याची सुभेदारांना कल्पना असावी. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून भीमराव सुरतेला उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचावयास उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी मुलाच्या समोरच अखेरचा श्वास घेतला.

त्याच सुमारास काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचा सयाजीरावांचा विचार चालला होता. भीमरावांनी मुंबईत त्यांची भेट घेऊन अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारनाम्यावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षे. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि तो पुरा होताच १० वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावयाची, अशा अटी होत्या. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही सेवेने फेडावयाची शिष्यवृत्ती होती. सेवा घडली नाही, तर तिचेच कर्ज होणार होते.

जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले. तेथील वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जडली. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली आणि एका बिकट प्रसंगी सरकारी तिजोरीहून अधिक उपयोगी पडली. मिळणाऱ्या रकमेतून काही पैसे मुंबईस रमाबाईंच्या संसारासाठी पाठवावे लागत. उरलेल्यात जेवणखाण, फी आणि पुस्तके. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० ग्रंथ जमविले. मुदत तीनच वर्षांची आहे, हे भान क्षणभरही सुटले नाही. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय निराळेच. प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधाला १९१५ साली एम. ए. मिळाली. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेच्या उगमावरचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध वाचला गेला आणि त्याच वर्षी डॉक्टरेटसाठीचा प्रबंधही सादर झाला. एडविन सेलिग्मन यांच्यासारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते.

तथापि प्रबंध लिहून झाला म्हणजे पदवी हाती आली, असे नव्हते. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास द्याव्या लागत. छपाईचा खर्च शिष्यवृत्तीत धरलेला नव्हता. विद्येचे काम संपले आणि पदवी मात्र पैशासाठी अडून राहिली.

१९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. वाढीव मुदतीसाठी त्यांनी बडोद्याशी पत्रव्यवहार केला. थोडी सवलत मिळाली, पण अभ्यास पुरा होण्याइतकी नव्हे. दिवाणांकडून परत येण्याचा हुकूम आला. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी विद्यापीठाकडून एक परवानगी तेवढी मिळविली. चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास सोडला तेथून पुढे सुरू करता येणार होता. महायुद्ध चालू होते. सामान निराळ्या जहाजाने पाठविले होते, ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडविले आणि पुष्कळ ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला.

करार पाळावयाचाच या निश्चयाने ते सप्टेंबरमध्ये बडोद्यास गेले. पुढे त्यांच्याकडे अर्थखाते सोपवावे असा महाराजांचा मानस होता. तूर्त त्यांची नेमणूक लष्करी चिटणीस म्हणून झाली. पद ठरले, परंतु राहावयाचे कोठे हा प्रश्न कोणीच सोडविला नव्हता. हिंदू खाणावळींत प्रवेश नव्हता. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेले एक ओसाड दालन होते. रात्री कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात, पुस्तकांच्या सोबतीने वेळ काढावा लागे. कचेरीत तर हाताखालचे शिपाईदेखील कागद दुरून टाकीत आणि पिण्याचे पाणी मिळत नसे.

अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. धर्मशाळा बाटवल्याचा आरोप करून संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. शहरात दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिल्याने घरचे नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली, तर दुसऱ्याने पत्नीचा विचार घ्यावा लागेल असे सांगून बोळवण केली. विलायतेत अर्थशास्त्र शिकून आलेला तो तरुण कामाठी बागेत रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसून राहिला. त्यांचे गाऱ्हाणे महाराजांपर्यंत गेले होते, तेथून ते दिवाणांकडे गेले आणि तेथेच विरले. पुढे केळुसकर गुरुजींच्या खटपटीमुळे बडोद्यातील एका प्राध्यापकाने त्यांना घरी ठेवून घेण्याचे कबूल केले. भीमराव पुन्हा निघाले. स्टेशनवर त्यांच्या हाती चिठ्ठी पडली. पत्नीचा विरोध असल्यामुळे त्या गृहस्थांचा नाइलाज होता. ते आल्या पावली परतले.

दहा वर्षांच्या सेवेचा करार असा मोडला. कागदोपत्री तो भीमरावांनी मोडला होता. सेवा झाली नाही, म्हणून शिक्षणावर झालेला खर्च बडोदे सरकारच्या दप्तरात त्यांच्या नावे येणे ठरला आणि त्या रकमेचा तगादा पुढे त्यांच्या मागे राहिला. परंतु वस्तुस्थिती काय होती? विद्यार्थ्याने ठरल्या विषयांत ठरल्याहून अधिक विद्या मिळविली होती आणि नोकरीवर तो हजरही झाला होता. त्या सेवकाला डोक्यावर छप्पर आणि घोटभर पाणी देणे सरकारला साधले नाही. सयाजीरावांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. राजाचा उदारपणा खजिन्यापर्यंत पोचला, शिपायाच्या टेबलापर्यंत आणि गावातल्या धर्मशाळेपर्यंत मात्र पोचला नाही, एवढाच याचा अर्थ.

मुंबईत परतल्यावर शिकवण्या केल्या. भागभांडवलाच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची नोकरी लागली. त्या पगारातून त्यांनी काटकसरीने पुंजी साठविली, कारण लंडनची चार वर्षांची मुदत डोळ्यांपुढे होती. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी हमीपत्र नव्हते. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेनांनी उसने दिलेले ५००० रुपये एवढे भांडवल होते.

लंडनमधील ती वर्षे अर्धपोटी गेली. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरावे आणि ते बंद होताना बाहेर पडावे, हा नित्यक्रम. दुपारच्या जेवणाला फाटा मिळे, रात्री भूक लागली तर भाजलेल्या पापडांवर निभावून न्यावे लागे. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि पुढील वर्षी बॅरिस्टरी पदरात पडली. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्या. लंडनमध्ये राहण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले आणि येथूनच सुधारलेला प्रबंध पाठविला. वर्षअखेरीस तो मान्य होऊन ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला.

कोलंबियाची पदवी अजून राहिलीच होती. १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. प्रस्तावना सेलिग्मन यांनी लिहिली. छापील प्रती कोलंबियात दाखल झाल्या आणि १९२७ साली डॉक्टरेट रीतसर प्रदान झाली. अभ्यास पुरा झाल्यावर ११ वर्षांनी. ज्या शहराने त्यांना अकरा दिवसांहून अधिक राहू दिले नाही, तेथल्याच राजाला, सयाजीराव गायकवाडांना, हा ग्रंथ अर्पण केला आहे. आपल्या शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दलची कृतज्ञता अर्पणपत्रिकेत नोंदविली आहे. बडोद्याच्या कारभाराने दिलेला अपमान आणि महाराजांनी दिलेली विद्या यांचे हिशेब त्यांनी स्वतंत्र ठेवले.

अनुभवाचा पुढचा जमाखर्च त्यांनी सत्तेवर असताना मांडला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात विद्यापीठीय आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी द्रव्याची मागणी होती. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. यातील भेद ध्यानी घ्यावा असा आहे. १९१३ मध्ये एका विद्यार्थ्याला एका उदार राजाची गाठ पडावी लागली, त्यासाठी मध्यस्थ गुरुजी लागले. १९४४ नंतर पात्र विद्यार्थ्याला अर्ज पुरेसा होता. कृपेची जागा हक्काने घेतली. पुढे मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली, तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या औरंगाबादेत, दुसरे महाविद्यालय त्यांनी उभे केले. शुल्काबरोबरच विद्यार्थ्याला राहण्याची जागा आणि माणूस म्हणून वागणूक लागते, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निर्वाण झाले. कामाठी बागेचे आजचे नाव सयाजी बाग. करारनाम्यावर सही घेणाऱ्या राजाचेच नाव त्या बागेला आहे, आणि तो करार मोडला त्या दिवशी बाबासाहेब ज्या ठिकाणी बसले होते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दरवर्षी तेथे माणसे येतात. त्यांत पदवी अर्ध्यावर राहू नये म्हणून कोठे ना कोठे अर्ज केलेले विद्यार्थीही असतात.