पुस्तक देणारे हात : गुरुवर्य केळुसकर

आम्ही या स्मरणिकेत गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचं चरित्र थोडक्यात सांगत आहोत. विहाराच्या स्मरणिकेत केळुसकरांचं काय काम, ते तर आपल्या समाजाचे नव्हते, असं कोणी म्हणेल. त्यांचं जीवनकार्य वाचा आणि मग ठरवा, एवढीच आमची विनंती.

गुरुजींचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी झाला. मुंबईत विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते. १८९८ साली त्यांनी गौतम बुद्धाचं चरित्र मराठीत लिहिलं आणि १९०६ साली छत्रपती शिवरायांचं मोठं चरित्र प्रसिद्ध केलं.

शाळा सुटली की गुरुजी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथं एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसे. तो एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी भीमराव होता. परळच्या चाळीत घर म्हणजे एकच खोली, तिथं अभ्यासाला जागा कुठून मिळणार? बागेत बसणारं पोर पाहिलं की लोक उनाड म्हणून मोकळे होतात. गुरुजींनी तसं केलं नाही. जवळ जाऊन त्यांनी चौकशी केली. मुलगा अस्पृश्य समाजातला आहे हे कळल्यावरही ते मागे सरले नाहीत. उलट त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले.

पुढं भीमरावांच्या सत्काराची गोष्ट निघाली. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून सांगितला आहे, तर चरित्रकार तो १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात. सत्कारानं पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदार रामजीबाबांचा नकार होता. लोक गुरुजींकडे गेले, गुरुजींनी रामजीबाबांची समजूत घातली आणि सत्कार पार पडला. त्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवलं. त्या पुस्तकानं आपल्या मनावर खोल परिणाम केला, असं बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केलं आहे.

गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. इंटरनंतर सुभेदारांना खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी. ए. चं शिक्षण पूर्ण झालं. १९१३ साली ते अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, तेव्हाही गुरुजींनी ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे त्यांची सोय लावायचा प्रयत्न केला. घरातल्या विरोधामुळं ती सोय झाली नाही. पण गुरुजी बाजूला झाले नाहीत, हे विसरता येत नाही.

१९३४ साली गुरुजींचं निधन झालं. त्यानंतर २२ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंनी बुद्धाला शरण जाऊन धम्मदीक्षा घेतली. ते पाहायला गुरुजी नव्हते. बी पेरणारा झाडाच्या सावलीत बसेलच असं नाही. बाबासाहेबांचं कर्तृत्व हे त्यांच्याच कष्टांचं आणि बुद्धीचं फळ आहे, त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला देण्याचा आमचा हेतू नाही. पण वेळेवर मिळालेल्या आधाराची जाण ठेवणं हाही धम्मच आहे.

म्हणून धम्मबंधू आणि भगिनींनो, आपल्याकडेही पाहू या. दहावीला एकदा गटांगळी खाल्ली की आपण पोराला वाया गेला म्हणतो. मुलगी लायब्ररीतून उशिरा आली की गल्लीत कुजबुज सुरू होते. परजातीचा माणूस मदतीला आला की त्याचा काहीतरी डाव असेल असं धरून चालतो. भोगलेल्या त्रासामुळं सावधपणा येतो, ते आम्ही जाणतो. पण न विचारता, न पाहता शिक्का मारणं हे ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असं शिकवणाऱ्या बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही. कोपऱ्यात बसलेल्या पोराला आधी विचारा, बाळा, काय करतोस? जमलं तर त्याच्या हाती एक पुस्तक द्या.

गुरुवर्य केळुसकरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जय भीम! नमो बुद्धाय!