माणसाच्या मापाचा परिसर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि नागसेनवन

शाळेची किंवा कार्यालयाची इमारत किती मोठी, हे तिच्या मजल्यांवरून ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र वाचताना मात्र एक निराळे मोजमाप हाती लागते. तेथे सर्वांत दुबळ्या विद्यार्थ्याला बसण्यास हक्काची जागा, पिण्यास पाणी, वाचण्यास उजेड आणि प्रश्न विचारण्यास मोकळीक आहे काय, हे ते मोजमाप होय. बाबासाहेबांनी ते पावलोपावली सोसून मिळवले होते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात प्रवेश घेतला. साताऱ्यातील शालेय जीवनात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर, इतर मुलांपासून दूर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शाळा सरकारी होती, भिंती भक्कम होत्या. परंतु ती बांधणाऱ्यांच्या हिशेबात हा मुलगा नव्हताच.

पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहू लागले. धूर, दाटी आणि गलबला यांतून वाट काढत अभ्यास करावयाचा होता. वडील रामजीबाबा त्यांना मध्यरात्रीनंतर उठवीत, कारण घरात शांतता तेवढीच असे. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच विल्सन हायस्कुलातील कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींशी त्यांचा परिचय झाला. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारप्रसंगी गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बसावयास मोकळी जागा आणि आपुलकीने विचारपूस करणारा शिक्षक, एवढ्या सामग्रीवर त्या बागेत एक विद्यालयच उभे राहिले होते.

1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये त्यांना प्रथमच असा परिसर लाभला, जेथे वाचकाची जात कोणी विचारीत नसे. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी सर्वांआधी जात आणि बंद होण्याच्या वेळी उठत. याउलट 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाल्यावर कार्यालय म्हणजे काय असते, याचा कटू अनुभव आला. शिपाई दुरूनच टेबलावर फाइली टाकीत, कचेरीत पिण्यास पाणी मिळत नसे, आणि राहण्यास घेतलेल्या पारशी निवासातूनही त्यांना बाहेर पडावे लागले. एवढा विद्वान अधिकारी अल्पावधीत मुंबईस परतला. ज्या कार्यालयात माणसाला माणूस म्हणून जागा नाही, तेथे पदवी आणि पदही निरुपयोगी ठरते.

या अनुभवांतून त्यांच्या संस्था आकारास आल्या. 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. महाविद्यालयाच्या कितीतरी आधी वसतिगृह आले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला प्रथम निवारा आणि दोन वेळचे अन्न हवे, मग व्याख्यान. मुंबईत हिंदू कॉलनीत बांधलेल्या राजगृहातही ग्रंथालयाला मानाचे स्थान होते. 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढील वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. लष्करी बराकींत वर्ग भरू लागले. सुंदर इमारतीची वाट पाहत विद्यार्थ्यांना ताटकळत ठेवले नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीत होता. पदवीचे शिक्षण घ्यावयाचे, तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. मनमाड ते काचीगुडा या मीटरगेज मार्गावरील नांदेडच्या, किंवा त्याहून आडमार्गावरील लातूरच्या गरीब मुलाला ते स्वप्नातही शक्य नव्हते. हैदराबाद मुक्त झाल्यानंतर बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादची निवड केली. 1950 च्या जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली.

शहराच्या उत्तरेस डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. त्या डोंगराच्या बाजूस पसरलेल्या परिसराला त्यांनी नागसेनवन हे नाव दिले, आणि महाविद्यालयाला मिलिंद. राजा मिलिंद प्रश्न विचारणारा, भिक्खू नागसेन उत्तर देणारा. राजाने राजसत्तेच्या तोऱ्यात नव्हे, तर पंडितांच्या रीतीने चर्चा करावी, ही त्या संवादाची अट होती. राजाचे नाव एका इमारतीला मिळाले आणि भिक्खूचे नाव साऱ्या वनाला, यातच त्या परिसराची दृष्टी दिसते. वेळुवन, जेतवन यांची परंपरा सांगणारा वन हा शब्दही हेतुपूर्वक आला आहे. बांधकामाकडे आणि वृक्षांच्या लागवडीकडे बाबासाहेबांनी जातीने लक्ष पुरवले. महाविद्यालय आणि वसतिगृहे एकाच परिसरात असल्यामुळे शिकणे, राहणे आणि वाद घालणे यांत अंतर उरले नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात तेथे साहित्याचे आणि नाट्याचे वातावरण वाढले; पुढे गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या सान्निध्यात लिहित्या हातांची एक पिढी घडली. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. वनातील झाडे त्यानंतरही वाढत राहिली.

आज नांदेडला विष्णुपुरी येथे स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी गावोगावची मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. संस्था वाढत आहेत, मजले चढत आहेत. अशा वेळी प्रत्येक संस्थाचालकाने आणि पालकाने नवी इमारत पाहताना काही साध्या गोष्टी तपासाव्यात. पाण्याची तोटी पहिलीतील मुलाच्या हाताला पुरते काय? वैशाखाच्या उन्हात वर्गापासून वसतिगृहापर्यंत सावली आहे काय? रात्री वाचणाऱ्या मुलीला शांत कोपरा आहे काय? खेड्यातून आलेल्या आईला कार्यालयात खुर्ची दिली जाते, की खिडकीबाहेर ताटकळावे लागते? या प्रश्नांना होकारार्थी उत्तर देणारी दोन खोल्यांची शाळाही नागसेनवनाच्या कुळातील आहे. आणि नकार देणारी इमारत कितीही उंच असली, तरी तिच्या एखाद्या कोपऱ्यात साताऱ्याचे ते गोणपाट अजून अंथरलेलेच आहे.