हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) हे मुंबईतील छायाचित्रकार व भारतीय वार्तापटाचे आद्य प्रवर्तक होत. भारतातील पहिले चित्रपटकार म्हणून त्यांचा सर्वसाधारणपणे उल्लेख होतो. कलकत्त्यात हीरालाल सेन यांनीही याच सुमारास चित्रीकरण सुरू केले होते. भारतीय चित्रपटाचे जनकत्व दादासाहेब फाळके यांना दिले जाते व कथापटापुरते ते यथार्थही आहे. परंतु 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पडद्यावर येण्यापूर्वी चौदा वर्षे सावेदादांनी कॅमेरा हाती घेतला होता, ही गोष्ट पुष्कळदा विस्मरणात जाते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया, म्हणजे त्या काळी सामान्यांना न परवडणारे होते. या नव्या कलेने भारून जाऊन सावेदादांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक व कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती मुद्दाम लावून त्यांनी ती चित्रित केली. संस्करणासाठी फीत लंडनला पाठवावी लागली. दृश्य नीट उमटले की नाही, हे ती बोटीने परत येईपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता. त्यानंतरचा लघुपट माकडांचा खेळ करणाऱ्या माणसाचा होता.

कुस्ती पुन्हा लावता आली असती. डिसेंबर १९०१ मधील प्रसंगाला मात्र दुसरी संधी नव्हती. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय र. पु. परांजपे स्वदेशी परतले, तेव्हा त्यांचे झालेले स्वागत सावेदादांनी चित्रबद्ध केले. हाच भारतातील पहिला वार्तापट मानला जातो. त्याचा नायक राजा वा लाटसाहेब नसून कोकणातून आलेला एक गणिती होता, हे विशेष. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झन यांनी भरविलेला १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला.

पुढे चित्रीकरण सोडून ते मुंबईच्या गेइटी थिएटरचे व्यवस्थापन पाहू लागले. त्यांना नव्वदीच्या घरातले दीर्घायुष्य लाभले. मूकपट जाऊन बोलपट आलेले त्यांनी पाहिले. त्यांचा एकही लघुपट आज उपलब्ध नाही. परांजपे यांच्या स्वागताची फीतही काळाच्या ओघात नष्ट झाली.