खलाशांचे वैद्य जेम्स लिंड

संत्र्या-लिंबांतील 'क' जीवनसत्त्वास ॲस्कॉर्बिक ॲसिड असे नाव आहे. लॅटिन भाषेत स्कर्व्ही रोगास स्कॉर्ब्यूटस म्हणत; त्यामागे ग्रीक भाषेतील नकारवाचक 'अ' लावून १९३३ साली सेंट-ज्यॉर्जी व हॉवर्थ या शास्त्रज्ञांनी हे नाव दिले. आपल्या 'अज्ञान', 'अशक्त' या शब्दांतील 'अ'ही त्याच कुळातला. हा 'अ' सार्थ ठरविणारा पुरावा ज्यांनी दोन शतके आधी गोळा केला, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

जेम्स लिंड यांचा जन्म १७१६ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून ते १७३९ साली ब्रिटिश आरमारात दाखल झाले. त्या काळी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत व अखेर मृत्यू येई. शत्रूच्या तोफांपेक्षा हा रोगच अधिक माणसे नेई.

१७४७ च्या मे महिन्यात 'सॉल्सबरी' जहाजावर लिंड यांनी सारख्याच अवस्थेतील बारा रोगी निवडले, सर्वांस एकच अन्न दिले व दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीस सफरचंदाची सायडर, दुसरीस पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीस शिरका, चौथीस समुद्राचे पाणी, पाचवीस रोज दोन संत्री व एक लिंबू आणि सहावीस लसूण-मोहरीचे चाटण असे उपाय सुरू झाले. सहा दिवसांत फळे संपली. परंतु तेवढ्यात फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर जाण्याजोगा झाला व दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला!

१७५३ साली लिंड यांनी या रोगावर ग्रंथ लिहिला. तथापि रोगाचे मूळ कारण त्यांस उमगले नव्हते. टिकावा म्हणून रस आटवून ठेवण्याची कृती त्यांनी सुचविली, आणि उष्णतेने त्यातील गुण बराचसा नष्ट झाला. १७५८ पासून १७८३ पर्यंत त्यांनी हॅस्लर येथील आरमारी रुग्णालयात सेवा केली. १७९४ साली ते निवर्तले. पुढच्याच वर्षी, ग्रंथानंतर बेचाळीस वर्षांनी, आरमाराने लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढला. मध्यंतरी किती खलाशी व्यर्थ मेले!

परमेश्वराने औषध झाडावर टांगून ठेविले होते; ते ओळखण्यास एका माणसाची निःपक्षपाती परीक्षा पुरली, परंतु ते गरजवंताच्या हाती पोहोचविण्यास अर्धे शतक लागले. आमच्या विद्यार्थ्यांनी यापासून दोन धडे घ्यावेत: मत बनविण्यापूर्वी तुलना करून पाहावे, आणि सत्य सापडल्यावर ते अमलात येईपर्यंत स्वस्थ बसू नये.